राऊटरवरचा लूपबॅक: पत्ता तारेला द्यायचा की खोक्याला?

द्राक्षबाग | सोमवार, सकाळी ११:१०

मंडळी, एका आराखड्यावर मत हवं आहे. सातपूर, अंबड आणि सिन्नरजवळची माळेगाव औद्योगिक वसाहत अशा तीन जागा, प्रत्येक ठिकाणी एक राऊटर आणि तिघांना जोडणाऱ्या तीन फायबर लिंक. म्हणजे त्रिकोण. सध्याचे पत्ते असे:

सातपूर–अंबड: १०.२०.०.०/३०
अंबड–सिन्नर: १०.२०.०.४/३०
सिन्नर–सातपूर: १०.२०.०.८/३०

सगळं ओएसपीएफच्या (राऊटरांनी एकमेकांना वाटा कळवायचा प्रोटोकॉल) एरिया ० मध्ये. सिसलॉग (नोंदी), रेडियस (लॉगिनची पडताळणी) आणि मॉनिटरिंगचे सर्व्हर सातपूरला. नव्या आराखड्यात प्रत्येक राऊटरवर ‘लूपबॅक ०’ दाखवलाय आणि त्यांना अनुक्रमे १०.२५५.०.१, .२, .३ असे /३२ पत्ते. प्रत्येक राऊटरला आधीच दोन-दोन पत्ते आहेत, मग हा तिसरा कशाला? १२७.०.०.१ लाही लूपबॅकच म्हणतात, त्याचा याच्याशी काय संबंध? आणि तीन राऊटरच्या पसाऱ्यात हे खरंच लागतं, की मोठ्यांचं बघून केलेली हौस आहे?

कमांड सांगताना उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या तरी चालतील, समजतात.


गोदाकाठ | सोमवार, दुपारी १२:०५

हौस नाही. तुमच्याच त्रिकोणावर बघू.

सिन्नरच्या राऊटरचे दोन पत्ते: अंबडकडे १०.२०.०.६ आणि सातपूरकडे १०.२०.०.९. मॉनिटरिंगमध्ये सिन्नर म्हणून यातला कोणता टाकणार? सर्व्हर सातपूरला आहे म्हणून सहसा .९ टाकला जातो. आता सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते उकरलेत, त्यात सिन्नर–सातपूर फायबर तुटली. दोन्ही टोकांचे इंटरफेस डाऊन, १०.२०.०.८/३० राउटिंग टेबलातून गायब, त्याबरोबर .९ ला जायची वाटही गेली. स्क्रीनवर सिन्नर लाल. प्रत्यक्षात सिन्नर अंबडमार्गे ठणठणीत चालू आहे, लोकांचं काम सुरू आहे. फक्त तुम्ही ज्या नावाने त्याला हाक मारताय ते नाव तुटलेल्या तारेचं होतं.

इंटरफेसचा पत्ता हा त्या तारेच्या टोकाचा पत्ता असतो. लूपबॅक हा राऊटरचा स्वतःचा पत्ता. त्यामागे पोर्ट नाही, एसएफपी (फायबरचं मोड्यूल) नाही, केबल नाही. राऊटर चालू आहे आणि कुणी मुद्दाम ‘शटडाऊन’ दिलेलं नाही, तोवर तो अप/अप. कोणतीही एक वाट शिल्लक असेल तर ओएसपीएफ त्या वाटेने १०.२५५.०.३ पर्यंत पोहोचवतो.

१२७ ची गोष्ट वेगळी. १२७.०.०.०/८ हा यंत्राने स्वतःशीच बोलायचा पट्टा. तिथला पॅकेट यंत्राबाहेर पडताच कामा नये, आरएफसी ११२२ या इंटरनेट मानकात तसं स्पष्ट आहे. राऊटरवरच्या लूपबॅक ० ला आपण साधा, सगळ्या नेटवर्कने ओळखावा असा पत्ता देतो आणि तो मुद्दाम जाहीर करतो. नावात सारखेपणा आहे, कामात उलट.

/३२ का, तर त्या इंटरफेसच्या पलीकडे कुणी शेजारी नाही. गेटवे नाही, एआरपी (आयपीवरून शेजाऱ्याचं कार्ड शोधणं) नाही. एक पत्ता पुरे. आयपीव्ही६ मध्ये /१२८.


चांदवडघाट | सोमवार, दुपारी १:४०

गोदाकाठ यांच्याशी सहमत, पण लूपबॅक नुसता बनवून अर्धंच काम होतं. राऊटर स्वतःहून जे पॅकेट पाठवतो (लॉग, एसएनएमपी ट्रॅप म्हणजे मॉनिटरिंगला सूचना, रेडियस, एनटीपी म्हणजे घड्याळ जुळवणं) त्यावर तो बाहेर पडणाऱ्या इंटरफेसचा पत्ता लावतो. वाट बदलली की पाठवणाऱ्याचा पत्ता बदलला. सिसलॉग सर्व्हरवर एकाच राऊटरच्या नोंदी दोन वेगळ्या पत्त्यांखाली जमा होतात. ते एक वेळ चालेल, रेडियसचं चालत नाही. रेडियस सर्व्हर क्लायंटला त्याच्या आयपीवरून ओळखतो आणि शेअर्ड सीक्रेट त्या आयपीशी बांधलेलं असतं. अनोळखी पत्त्यावरून विनंती आली की सर्व्हर ती गुपचूप टाकून देतो, ‘नाही’ असंही कळवत नाही. राऊटरला दिसतो फक्त टाइमआऊट. सिस्को आयओएसचं मूळ सेटिंग ५ सेकंद आणि ३ पुनर्प्रयत्न, म्हणजे एकूण ४ वेळा विचारून २० सेकंद थांबणार आणि मग लोकल पासवर्डकडे वळणार. लिंक तुटलेली आहे, घाई आहे, आणि नेमकं तेव्हाच लॉगिन अडकतं.

सिस्कोवर या ओळी प्रत्येक राऊटरवर हव्यात:

लॉगिंग सोर्स-इंटरफेस लूपबॅक०
एसएनएमपी-सर्व्हर ट्रॅप-सोर्स लूपबॅक०
एनटीपी सोर्स लूपबॅक०
आयपी रेडियस सोर्स-इंटरफेस लूपबॅक०
आयपी एसएसएच सोर्स-इंटरफेस लूपबॅक०

रेडियसऐवजी टॅकॅक्स वापरत असाल तर त्याचीही तशीच ओळ. आणि लॉगिन सर्व्हरांचा ‘एएए ग्रुप सर्व्हर’ बनवला असेल तर सोर्स-इंटरफेस त्या ग्रुपच्या आतही तपासा. आत वेगळं काही लिहिलेलं असेल तर तेच चालतं, बाहेरची ओळ बघत बसू नका.

क्रमाची काळजी घ्या. आधी रेडियस सर्व्हरवर १०.२५५.०.१ ते .३ हे क्लायंट वाढवा, मग राऊटरवर सोर्स बदला, एक खिडकी उघडी ठेवून दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करून बघा, आणि शेवटी जुने पत्ते काढा. उलट क्रमाने केलंत तर सिन्नरपर्यंत गाडी काढावी लागेल.


द्राक्षबाग | सोमवार, दुपारी २:१५

हे पटलं. चालू राऊटरवर लूपबॅक वाढवला तर ओएसपीएफला धक्का बसेल का? शेजारसंबंध तुटतील?


चांदवडघाट | सोमवार, दुपारी २:५०

लगेच नाही बसणार, आणि खरी अडचण तीच आहे.

सिस्कोवर ओएसपीएफचा राऊटर आयडी असा ठरतो: हाताने दिलेला असेल तर तो. नसेल तर लूपबॅकवरचा सगळ्यात मोठा पत्ता. तोही नसेल तर चालू असलेल्या बाकी इंटरफेसवरचा सगळ्यात मोठा. पण ही निवड ओएसपीएफ सुरू होताना एकदाच होते. आज लूपबॅक वाढवलात तर आयडी जुनाच राहील, सगळं शांत. मग कधीतरी अंबडला वीज जाते, यूपीएस दम तोडतो, राऊटर नव्याने उठतो आणि नवा आयडी घेऊन येतो. व्हर्च्युअल लिंक (दुसऱ्या एरियातून एरिया ० शी जोडणी) असेल तर ती जुन्या आयडीवर बांधलेली, ती तुटते. मॉनिटरिंगमध्ये शेजारी आयडीने नोंदवले असतील तर तिथेही गोंधळ. आणि बदल तीन महिन्यांपूर्वीचा, म्हणून कुणाचं लक्ष तिकडे जात नाही.

त्यामुळे निवड नशिबावर सोडू नका:

राऊटर ओएसपीएफ १
राऊटर-आयडी १०.२५५.०.३

आणि कमी वर्दळीच्या वेळी ‘क्लिअर आयपी ओएसपीएफ प्रोसेस’. शेजारसंबंध एकदा तुटून परत जुळतील. तीन राऊटरमध्ये ते पटकन होतं, पण दुपारी बाराला करू नका. एकेक राऊटर घ्या, ‘शो आयपी ओएसपीएफ नेबर’ मध्ये दोन्ही शेजारी ‘फुल’ (पूर्ण जुळलेले) दिसले की पुढचा.

राऊटर आयडी हा नुसता ३२ बिटांचा आकडा आहे, तो लूपबॅकच्या पत्त्याइतकाच असलाच पाहिजे असा नियम नाही. तरी सारखाच ठेवा. रात्री दोनला डेटाबेस वाचणाऱ्याचे कष्ट वाचतात. आयपीव्ही६ साठी ओएसपीएफव्ही३ लावाल तेव्हाही आयडी ३२ बिटांचाच लागतो. राऊटरवर एकही आयपीव्ही४ पत्ता नसेल आणि हाताने आयडी दिला नसेल तर प्रोसेस उठतच नाही.


पाथर्डीफाटा | सोमवार, सायंकाळी ६:२०

यात एक भर. कॉन्फिगरेशन कॉपी-पेस्ट करणाऱ्यांसाठी: लूपबॅकची ओळ बदलायची राहून गेली आणि दोन राऊटरवर एकच आयडी आला, तर दोन वेगळी चित्रं दिसतात. दोघं थेट शेजारी असतील तर शेजारसंबंध जुळतच नाही आणि लॉगमध्ये दुहेरी राऊटर आयडीची तक्रार येते, म्हणजे निदान कळतं तरी. मध्ये तिसरा राऊटर असेल तर जास्त वाईट. दोघं एकाच आयडीने आपापला एलएसए (आपल्या दुव्यांची माहिती) सोडतात, प्रत्येकजण दुसऱ्याचा एलएसए बघून ‘हा माझा नाही’ म्हणत वरचा सीक्वेन्स नंबर लावून आपला पुन्हा सोडतो. हे भांडण थांबत नाही. लक्षण: वाटा येतात-जातात, सीपीयू चढतो, लिंक मात्र सगळ्या हिरव्या. ‘शो आयपी ओएसपीएफ डेटाबेस’ दहा-दहा सेकंदांनी बघा. एकाच आयडीचा सीक्वेन्स नंबर सारखा पळत असेल आणि वय काही केल्या वाढत नसेल, तर हेच.

तुमच्या त्रिकोणात तिघेही एकमेकांचे शेजारी आहेत, म्हणून पहिलं चित्र दिसेल, पण तिसऱ्यामार्गे दुसरंही दिसू शकतं. पुढे थेट शेजारी नसलेली चौथी शाखा आली की नुसतं दुसरं.


द्राक्षबाग | सोमवार, रात्री ८:३०

/३२ ऐवजी /२४ दिला तर? आमच्या एका जुन्या राऊटरवर लूपबॅकला /२४ आहे आणि चालतंय.


पांडवलेणी | सोमवार, रात्री ९:४५

चालतंय, कारण ओएसपीएफ तुमची चूक झाकतोय. आरएफसी २३२८ प्रमाणे लूपबॅक इंटरफेस होस्ट रूट म्हणून जाहीर होतो. तुम्ही /२४ लिहा की /३०, बाहेर /३२ च जातो. खरा मास्क बाहेर जावा असं वाटत असेल तर त्या लूपबॅकवर ‘आयपी ओएसपीएफ नेटवर्क पॉइंट-टू-पॉइंट’ द्यावं लागतं. प्रयोगशाळेत लॅनचं सोंग आणायला ते बरं, खऱ्या नेटवर्कवर नको.

/२४ चे दोन तोटे. पहिला छोटा: समजा अंबडवर १०.२५५.०.२/२४ आहे. अंबडच्या टेबलात अख्खा १०.२५५.०.०/२४ ‘कनेक्टेड’ म्हणून बसला. सिन्नरचा /३२ काही कारणाने गेला तर अंबड त्या पॅकेटला डिफॉल्ट रूटने पाठवणार नाही, आपल्याच लूपबॅकच्या पोकळीत टाकेल. आता बॅकअप वाट डिफॉल्टवर आहे असं धरून बसलेल्याला हे उमगायला वेळ लागतो.

दुसरा मोठा, एमपीएलएसवाल्यांसाठी (पॅकेटवर लेबल लावून पुढे पाठवणारे). टोकाच्या राऊटरच्या स्वतःच्या टेबलात /२४ आहे, म्हणून एलडीपी हा लेबलं वाटणारा प्रोटोकॉल /२४ साठी लेबल वाटतो. बाकीच्यांकडे ओएसपीएफने /३२ आलाय. त्या /३२ साठी टोकाकडून लेबल मिळतच नाही. शेवटून दुसऱ्या राऊटरवर ‘शो एमपीएलएस फॉरवर्डिंग-टेबल’ केलं की ‘पॉप लेबल’ दिसायला हवं तिथे ‘नो लेबल’ दिसतं. साधा पिंग बिनबोभाट जातो, कारण लेबल काढल्यावर खाली आयपी पॅकेट असतो. व्हीपीएनचा पॅकेट मरतो, कारण वरचं लेबल काढल्यावर खाली व्हीपीएनचं लेबल असतं आणि ते या मधल्या राऊटरला वाचता येत नाही. ‘लूपबॅक पिंग होतोय पण व्हीपीएन चालत नाही’ ही तक्रार आली की आधी मास्क बघा, मग बाकी. एरियाच्या सीमेवर लूपबॅकचे /३२ गोळा करून एकच समरी सोडली तरी हीच रड.

एलडीपीतलीच आणखी एक. हॅलो २२४.०.०.२ वर यूडीपी ६४६ ने जातात, ते शेजाऱ्याला दिसतात. पण सेशन टीसीपी ६४६ वर, लूपबॅक ते लूपबॅक. लूपबॅक ओएसपीएफमध्ये घ्यायचा राहिला असेल तर हॅलो दिसतात आणि सेशन उभं राहत नाही. ‘शो एमपीएलएस एलडीपी डिस्कव्हरी’ मध्ये शेजाऱ्यापुढे ‘नो रूट’ लिहिलेलं असतं. त्याच्यावर विश्वास ठेवा. लोक उगाच फायरवॉल उकरत बसतात.

अवांतर: सेगमेंट राउटिंगमध्ये (एलडीपीशिवाय लेबल ठरवायची पद्धत) तर लूपबॅक म्हणजेच राऊटर. सिस्कोचा मूळ लेबल पट्टा १६००० ते २३९९९. लूपबॅकला इंडेक्स ३ दिला की त्या राऊटरचं लेबल १६००३, सगळ्या नेटवर्कभर तेच.


सिडकोवायरमन | सोमवार, रात्री १०:३०

सगळे सिस्कोच बोलताय. नाशकातले निम्मे केबलवाले आणि छोटे आयएसपी मायक्रोटिकवर आहेत, त्यांचंही लिहितो.

राऊटरओएसमध्ये बरीच वर्षं लूपबॅक नावाचा इंटरफेसच हाताशी नव्हता. तोडगा म्हणजे एकही पोर्ट न जोडलेला ब्रिज. तो कायम चालू राहतो.

/इंटरफेस ब्रिज ॲड नेम=लूपबॅक प्रोटोकॉल-मोड=नन
/आयपी ॲड्रेस ॲड ॲड्रेस=१०.२५५.०.३/३२ इंटरफेस=लूपबॅक

प्रोटोकॉल-मोड नन एवढ्यासाठी, की रिकाम्या ब्रिजवर एसटीपी (स्विचमधले फेरे रोखणारा प्रोटोकॉल) चालवण्यात काही अर्थ नाही. आवृत्ती ७ च्या नव्या प्रकाशनांत ‘लो’ इंटरफेस उघड दिसतो, तिथे सरळ त्याच्यावर पत्ता टाका. आधीच ब्रिजवर चालत असेल तर हलवायची गरज नाही. त्या ब्रिजला कुणी ‘रिकामाच आहे’ म्हणून एखादा पोर्ट जोडू नये, यासाठी कॉमेंटमध्ये ठळक लिहून ठेवा. हे फार होतं.

रेडियसला ‘एसआरसी-ॲड्रेस’ असतो, एसएनएमपीला असतो, रिमोट लॉगिंगच्या ॲक्शनलाही असतो. तिन्हीकडे १०.२५५.०.३.

पीपीपीओई (ग्राहकाने डायल करून जोडायची पद्धत) चालवणाऱ्यांनी पीपीपी प्रोफाइलमधला ‘लोकल-ॲड्रेस’ लूपबॅकचाच ठेवावा. हजार ग्राहक असले तरी राऊटरच्या बाजूचा पत्ता सगळ्यांना एकच चालतो, प्रत्येक सेशनमागे आपल्या बाजूचा आयपी जाळायची गरज नाही. सिस्कोवर हेच काम व्हर्च्युअल-टेम्प्लेटमध्ये ‘आयपी अननंबर्ड लूपबॅक०’ करतो.

पण ग्राहकांचे /३२ ओएसपीएफमध्ये एकेक सोडू नका. रात्री वीज गेली आणि आली की आठशे राऊटर एकदम डायल करतात, आणि तितके बदल सगळ्या नेटवर्कभर पसरतात. पूलचा (ग्राहकांना द्यायच्या पत्त्यांचा) एकच ब्लॅकहोल रूट (पॅकेट टाकून देणारा) टाका आणि तेवढाच जाहीर करा. त्यासाठी लूपबॅकवर पूलचा /२२ बांधणारेही पाहिलेत, ते नको. समरीसाठी ब्लॅकहोल किंवा नल०, ओळखीसाठी लूपबॅक. दोन कामं, दोन हत्यारं.


नाशिकरोडजंक्शन | मंगळवार, सकाळी ८:५५

लिनक्सवर एफआरआर (राउटिंगचं सॉफ्टवेअर) चालवणाऱ्यांसाठी. दोन पर्याय: पत्ता ‘लो’ वरच वाढवायचा, किंवा डमी इंटरफेस करायचा.

आयपी ॲड्रेस ॲड १०.२५५.०.४/३२ डेव्ह लो

किंवा

आयपी लिंक ॲड डमी० टाइप डमी
आयपी लिंक सेट डमी० अप
आयपी ॲड्रेस ॲड १०.२५५.०.४/३२ डेव्ह डमी०

मला डमी बरा वाटतो, कारण एका पत्त्याला एक इंटरफेस राहतो आणि गरज पडली तर ‘लो’ ला न दुखवता तेवढाच खाली घेता येतो. अशा हाताने दिलेल्या कमांड रीबूटनंतर टिकत नाहीत, नेटप्लॅन किंवा सिस्टिमडी-नेटवर्कडीमध्ये लिहा.

इथे तीन गोष्टी नडतात. एक: लिनक्स ‘लो’ वरच्या पत्त्यासाठीही कोणत्याही कार्डावर आलेल्या एआरपीला उत्तर देतो. एकच पत्ता दोन यंत्रांवर ठेवून एकाच लॅनवर बसवलात तर मारामारी. ‘एआरपी_इग्नोर’ १ आणि ‘एआरपी_अनाउन्स’ २ करा. दोन: ‘आरपी_फिल्टर’ १ असेल आणि येण्या-जाण्याची वाट वेगळी पडली तर पॅकेट मुकाट्याने गळतात. लूपबॅकचा अर्थच ‘कुठूनही या’ असा, त्यामुळे हे हमखास होतं. २ करा. तीन: राऊटरने स्वतःहून पाठवलेल्या पॅकेटवर लूपबॅकचा पत्ता हवा असेल तर एफआरआरमध्ये रूट-मॅप करून त्यात ‘सेट एसआरसी १०.२५५.०.४’ आणि मग ‘आयपी प्रोटोकॉल ओएसपीएफ रूट-मॅप’ ला तो जोडा.


देवळालीगाव | मंगळवार, सकाळी १०:२०

नव्या मुलांचा एक गोंधळ आत्ताच मिटवून टाकू. टेलिकॉमवाला फोनवर ‘लूप द्या’ म्हणतो तेव्हा त्याला तुमचा लूपबॅक ० नको असतो. त्याला टोकावर पाठवलेलं परत फिरवून हवं असतं, म्हणजे मधली तार चांगली आहे का ते कळेल. २.०४८ मेगाबिटच्या ई१ ला आरजे-४५ मध्ये १–४ आणि २–५ जोडून प्लग करायचा. १०/१०० इथरनेटला १–३ आणि २–६. सिस्कोच्या सिरियल पोर्टवर एचडीएलसी असेल तर लूप लावल्यावर ‘लाइन प्रोटोकॉल इज अप’ च्या पुढे कंसात ‘लूप्ड’ येतं. तपासणी झाल्यावर लूप काढायला विसरणं हा या धंद्यातला जुना रोग.

फायबरला एसएफपीचं टीएक्स त्याच्याच आरएक्समध्ये छोट्या पॅचकॉर्डने. १० किलोमीटरवाल्याला चालतं. ८० किलोमीटरवाल्याला सरळ लावू नका, १० डीबीचा अटेन्युएटर घाला. नाहीतर रिसीव्हर आंधळा होतो, कधी कायमचा जातो.


द्राक्षबाग | मंगळवार, दुपारी १२:४०

धन्यवाद देवळालीगाव, हा गोंधळ खरंच होता. आता पुढचं. वर्षभरात एका आयएसपीकडून बीजीपी (वेगवेगळ्या नेटवर्कनी एकमेकांना वाटा कळवायचा प्रोटोकॉल) घ्यायचा विचार आहे, सातपूरला दोन फायबर, दोन्ही त्यांच्या एकाच राऊटरवर. बीजीपी लूपबॅकवर बांधायचा का?


गोदाकाठ | मंगळवार, दुपारी १:३०

आतला आणि बाहेरचा बीजीपी वेगळा धरा.

आतला, म्हणजे तुमच्याच राऊटरांमधला: डोळे मिटून लूपबॅक. सेशन टीसीपी १७९ वर असतं. लिंक तुटली तर ओएसपीएफ वाट बदलतो आणि टीसीपीला पत्ताही लागत नाही. बीजीपीचा होल्ड टायमर सिस्कोवर १८० सेकंद, तेवढ्यात ओएसपीएफ दहा वेळा सावरतो.

नेबर १०.२५५.०.१ अपडेट-सोर्स लूपबॅक०
नेबर १०.२५५.०.१ नेक्स्ट-हॉप-सेल्फ

‘अपडेट-सोर्स’ दोन्ही बाजूंना द्या. एका बाजूला विसरलं तरी सेशन बहुतेक उभं राहतं, कारण ज्या बाजूला लिहिलंय ती योग्य पत्त्यावरून फोन करते आणि समोरचा उचलतो. उलट दिशेचा फोन मात्र नाकारला जातो. म्हणून चूक लपून बसते, आणि एखाद्या दिवशी कुणी ओळ लिहिलेल्या बाजूला ‘पॅसिव्ह’ केलं की सेशन कायमचं ‘ॲक्टिव्ह’ मध्ये अडकतं. ‘ॲक्टिव्ह’ म्हणजे चालू नव्हे, हे वेगळं सांगायला नको.

बाहेरचा: एकच लिंक असेल तर लूपबॅक नको, सरळ इंटरफेसचा पत्ता घ्या. लिंक पडली की सिस्को थेट जोडलेलं बाहेरचं सेशन तत्काळ पाडतो, हे तुम्हाला हवंच असतं. लूपबॅकवर बांधलंत तर ही सोय जाते आणि १८० सेकंद पॅकेट अंधारात जाऊ शकतात. एकाच राऊटरकडे दोन समांतर लिंक असतील, म्हणजे तुमच्यासारखं, तर मात्र लूपबॅक शोभतो. एक सेशन, दोन्ही लिंकवर भार.


चांदवडघाट | मंगळवार, दुपारी २:१०

मी त्यातही दोन वेगळी सेशन आणि ‘मॅक्झिमम-पाथ्स २’ घेईन. कारण सांगतो. लूपबॅकवर बांधायचं तर आयएसपीच्या लूपबॅककडे जायला दोन स्टॅटिक रूट लागतात, एकेका लिंकवरून. आपल्याकडे अजून मीडिया कन्व्हर्टर (फायबरचं तांब्याच्या पोर्टवर आणणारे डबे) सर्रास आहेत. फायबर तुटली तरी कन्व्हर्टर ते राऊटर हा तांब्याचा तुकडा अप राहतो, राऊटरला काही कळत नाही, स्टॅटिक रूट तसाच जागेवर. निम्मा ट्रॅफिक खड्ड्यात. बीजीपी सेशनचे पॅकेट नेमके चांगल्या लिंकवरून जात असतील तर सेशनसुद्धा अप. सगळं हिरवं आणि निम्मं नेट बंद. याच्याइतकी त्रासदायक तक्रार दुसरी नाही.


गोदाकाठ | मंगळवार, दुपारी २:४५

मुद्दा रास्त. कन्व्हर्टर असतील तर तुमचंच बरोबर. एसएफपी सरळ राऊटरमध्ये असेल, किंवा आयएसपी स्टॅटिकवर बीएफडी (वाट गेल्याचं झटपट ओळखणारा तपास) द्यायला तयार असेल, तर माझं. कन्व्हर्टर ठेवायचेच असतील तर एलएफपीचा (लिंक फॉल्ट पास-थ्रू) डिप स्विच दोन्ही टोकांना चालू करा, म्हणजे एका बाजूची फायबर गेली की तांब्याचा पोर्टही पडतो. बरेचसे कन्व्हर्टर तो बंद ठेवूनच येतात.

लूपबॅकने जायचं ठरलं तर सिस्कोवर ‘ईबीजीपी-मल्टिहॉप २’ लावायची पद्धत आहे. खरं म्हणजे शेजारच्या राऊटरच्या लूपबॅकपर्यंत जायला टीटीएल (पॅकेटने किती टप्पे जायचे तो आकडा) १ पुरतो. अडवतो तो ‘समोरचा थेट जोडलेला आहे का’ हा तपास. म्हणून ‘डिसेबल-कनेक्टेड-चेक’ दिलं तर टीटीएल न वाढवता काम होतं, आणि दूरवरून कुणी सेशन जुळवायची शक्यताही उघडी राहत नाही. आणखी एक: मल्टिहॉप शेजाऱ्याकडे जायला फक्त डिफॉल्ट रूट असेल तर सिस्को सेशन उभं करत नाही. नेमका /३२ स्टॅटिक लागतोच.


पाथर्डीफाटा | मंगळवार, सायंकाळी ५:५०

टनेलचं कुणी बोललं नाही. जीआरई टनेलचा सोर्स लूपबॅक ठेवणं चांगलं, कुठलीही लिंक गेली तरी टनेल टिकतो. पण टनेलवरही ओएसपीएफ लावलात आणि समोरचा लूपबॅक टनेलमधूनच शिकलात, तर टनेलचा पत्ता गाठायला टनेल लागतो. लॉगमध्ये ‘रिकर्सिव्ह राउटिंग’ म्हणून टनेल बंद, थोड्या वेळाने चालू, परत बंद. टनेलसाठी वेगळा लूपबॅक १ घ्या आणि तो टनेलवरच्या प्रोटोकॉलमध्ये कधीच जाहीर करू नका. ‘नेटवर्क १०.०.०.० ०.२५५.२५५.२५५’ अशी आळशी ओळ असेल तर तो नकळत जातोच.


गंगापूरधरण | मंगळवार, रात्री ९:०५

सुरक्षेबद्दल. ज्युनिपरवरून सिस्कोवर किंवा उलट जाणाऱ्यांची इथे फसगत होते. ज्युनिपरमध्ये ‘एलओ०’ वर इनपुट फिल्टर लावला की तो राउटिंग इंजिनकडे जाणाऱ्या सगळ्या पॅकेटना लागू होतो, ते कोणत्याही पोर्टवरून आणि राऊटरच्या कोणत्याही पत्त्यावर येवोत. सिस्को आयओएसवर लूपबॅकला ॲक्सेस-लिस्ट लावून तसं काही होत नाही. पॅकेट प्रत्यक्ष पोर्टवरून आत येतो, लूपबॅकच्या दारातून जातच नाही. ओळ स्वीकारली जाते, मनाला समाधान मिळतं, संरक्षण शून्य. तिथे व्हीटीवायवर (दूरून लॉगिन करायच्या ओळी) ‘ॲक्सेस-क्लास’ आणि कंट्रोल-प्लेन पोलिसिंग.

ज्युनिपरचा फिल्टर लिहिताना यादी नीट करा: ओएसपीएफ (प्रोटोकॉल ८९), बीजीपी टीसीपी १७९ दोन्ही दिशांनी, एलडीपी असेल तर ६४६ टीसीपी आणि यूडीपी दोन्ही, व्हीआरआरपी असेल तर प्रोटोकॉल ११२, बीएफडीचा ३७८४ आणि मल्टिहॉपचा ४७८४, एनटीपी, एसएनएमपी, एसएसएच फक्त तुमच्या पट्ट्यातून, आयसीएमपी, आणि रेडियसची उत्तरं, म्हणजे सोर्स पोर्ट १८१२ व १८१३. ही उत्तरं सगळे विसरतात. शेवटी ‘डिस्कार्ड’ आणि त्याला काउंटर. आणि ‘कमिट कन्फर्म्ड ५’ शिवाय हा फिल्टर लावायचा नाही. पाच मिनिटांत तुम्ही पक्कं केलं नाही तर तो आपोआप मागे फिरतो.


द्राक्षबाग | बुधवार, सकाळी ९:३०

ठरलं, लूपबॅक लावतोय. मॉनिटरिंगमधून आता दुव्यांचे पत्ते काढून फक्त तीन लूपबॅक ठेवू ना?


सिडकोवायरमन | बुधवार, सकाळी १०:००

अजिबात नको भाऊ! लूपबॅक पिंग होतोय याचा अर्थ ‘किमान एक वाट जिवंत आहे’ एवढाच. सिन्नर–सातपूर आज तुटली तर लूपबॅक हिरवाच राहणार, सगळं अंबडमार्गे जाणार, कुणाला कळणार नाही. आठ दिवसांनी अंबड–सिन्नर तुटली की सिन्नर पूर्ण बंद, आणि दोन फायबर एकदम शोधायच्या. राऊटर जिवंत आहे का यासाठी लूपबॅक. लिंकसाठी इंटरफेसची स्थिती एसएनएमपीने लूपबॅकवरूनच विचारा, आणि ओएसपीएफ शेजाऱ्यांची संख्या मोजा. प्रत्येक राऊटरवर २ असायला हवेत, १ झाला की अलार्म.


पांडवलेणी | बुधवार, सकाळी ११:१५

सिडकोवायरमन यांना +१.

पत्त्यांचं: १०.२५५.०.०/२४ हा पट्टा फक्त लूपबॅकसाठी राखून ठेवा, त्यातून दुसरं काही देऊ नका. मग फायरवॉलवर ‘मॅनेजमेंटकडून या पट्ट्याला एसएसएच व एसएनएमपी’ ही एकच ओळ पुरते, नवी शाखा आली तरी हात लावावा लागत नाही. बंद केलेल्या राऊटरचा पत्ता नव्याला लगेच देऊ नका, जुने लॉग आणि नवे लॉग एकाच नावाखाली मिसळतात. डीएनएसमध्ये सुलट आणि उलट दोन्ही नोंदी करा.

सगळं झाल्यावर तपासणी: सातपूरवरून ‘पिंग १०.२५५.०.३ सोर्स लूपबॅक०’. सोर्स दिल्याशिवाय केलेला पिंग फक्त जाण्याची वाट सिद्ध करतो, सिन्नरला तुमच्या लूपबॅककडे परत यायची वाट माहीत आहे का ते नाही. तो लागला की सिन्नर–सातपूर पोर्ट हाताने शट करा, एसएसएच सेशन उघडं ठेवून. ओएसपीएफचं मूळ गणित हॅलो १० सेकंद, डेड ४० सेकंद असं आहे, पण पोर्टच पडल्यावर डेड टायमरची वाट बघावी लागत नाही, एसएसएच क्षणभर अडखळून पुढे चालायला हवं. ४० सेकंद अडकलं तर मध्ये कुठेतरी कन्व्हर्टर किंवा स्विच बसलाय आणि पलीकडच्या टोकाला पोर्ट पडल्याचं कळलेलं नाही. मग दुसरी लिंक. मग तिसरी.


द्राक्षबाग | गुरुवार, रात्री १०:५०

तपासणीचा निकाल: सिन्नर–सातपूर आणि अंबड–सिन्नर दोन्हींवर एसएसएच टिकलं. सातपूर–अंबडवर ३८ सेकंद अडकलं. अंबडच्या टोकाला कन्व्हर्टर निघाला, एलएफपीचा स्विच बंद.